ओळंब्याची सावली

शैलजा गेल्याचं मला दुकानात कळलं. माझं चहा पावडरचं दुकान आहे, सुट्टी पावडर विकतो. एका हॉटेलवाल्यासाठी मिश्रण करत होतो. समोरचा झेरॉक्सवाला नेमिनाथ रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "उत्तमराव, लोहार बोळात माळवदे बिल्डिंग पडली. वहिनी तिकडं गेल्या नव्हत्या ना?"

मी म्हणालो, "तिकडंच गेली आहे. फोटो द्यायला."

त्यानं माझ्या हातातला स्कूप काढून घेतला, डब्यात ठेवला आणि माझ्या दुकानाचं शटर स्वतःच ओढलं. तेव्हाच मला समजलं. बाकीचं दवाखान्यात नुसतं सांगितलं गेलं.

त्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर फोटोची फ्रेम वर्तमानपत्रात बांधत होती. हातात चिकटपट्टी होती म्हणून तिनं सानिकाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. सानिका आमची मुलगी.

"सानू, माळवदेंच्या बिल्डिंगला इंजिनिअर येऊन गेला का गं?"

"हो, गेला येऊन. ओके आहे."

"नक्की? सावली बरीच तिरकी होती."

"आई, ओके आहे म्हटलं ना. मी मीटिंगमध्ये आहे."

"बरं बाई. मग मी त्यांचा फोटो देऊन येते."

मी शेजारी बसून चहा पीत होतो. मी हे सगळं ऐकलं. त्या दिवशी त्यात विशेष काहीच नव्हतं. आई फोन करते आणि मुलगी घाईत असते, हे आमच्याकडं रोजचंच होतं.

दवाखान्यातून मला एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. तिच्यात चपला होत्या, पर्स होती, मंगळसूत्र होतं आणि ती फ्रेम होती. काच फुटली होती. फोटोचा एक कोपरा दुमडला होता, बाकी फोटोला काही झालं नव्हतं. ज्या बिल्डिंगखाली माझी बायको गेली तिचाच तो फोटो होता. मी तो कपाटामागं सरकवला.

शैलजाचे वडील गवंडी होते. ते गेले तेव्हा भावांनी घर घेतलं आणि हिनं वडिलांचा ओळंबा मागून घेतला. दोरीला बांधलेला लोखंडी गोळा. गवंडी तो सोडून भिंत सरळ आहे का बघतात. ही आधी लग्नाचे फोटो काढायची, नंतर इमारतींचे काढायला लागली. बिल्डर, हॉटेलवाले, शाळा असं तिचं गिऱ्हाईक होतं. कॅमेरा वर करून इमारतीचा फोटो काढला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडं झुकलेल्या दिसतात. मग कॉम्प्युटरवर त्या सरळ करायच्या, वायरी पुसायच्या, मध्ये आलेली स्कूटर काढायची, पान खाऊन थुंकलेलं झाकायचं. गिऱ्हाइकाला इमारत अशीच लागते.

सानिका शाळेत होती तेव्हापासून आईशेजारी बसून हे शिकली. तेव्हा मशीनं इतकी हुशार नव्हती. वायर पुसायची तर शेजारच्या भिंतीचा तुकडा उचलून वायरीवर लावायचा. सानिका घाई करायची. उचललेल्या तुकड्यात एखादा खिळा असला की तिच्या फोटोत दोन खिळे दिसायचे. कबुतर असलं की दोन कबुतरं. शैलजा हसायची. "आले बघा सानूचे जुळे," म्हणायची. घरात तो शब्दच झाला. भाजी दोनदा आणली गेली तरी आम्ही सानूचे जुळे म्हणायचो.

मग आमच्या शहरात नगरदर्पण आलं. त्याबद्दल थोडं सांगावं लागेल.

शहरात बोअर इतक्या झाल्या की जमिनीखालचं पाणी आटलं. आमच्याकडं खाली काळी माती आहे. पाणी गेलं की ती आकसते आणि वरची इमारत एका बाजूला खचते. एका उन्हाळ्यात तीन जुन्या इमारती पडल्या. प्रत्येक इमारतीला इंजिनिअर पाठवायचा तर तेवढे इंजिनिअर नव्हते. म्हणून एका कंपनीला काम दिलं. शहरातल्या प्रत्येक इमारतीचा दर सहा महिन्यांनी चारी बाजूंनी फोटो काढायचा, त्यातून कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब दुसरं शहर उभं करायचं, आणि कुठली भिंत किती कलली, कुठली भेग किती वाढली हे मशीननं मोजायचं. मग प्रत्येक इमारतीला रंग मिळतो. हिरवा म्हणजे सुरक्षित, पिवळा म्हणजे इंजिनिअर येऊन बघणार, लाल म्हणजे रिकामी करा. हे सगळ्यांच्या मोबाईलवर दिसतं. लोक भाड्यानं खोली घेताना आधी रंग बघायला लागले.

यात एक अडचण होती. रस्त्यावरच्या फोटोत माणसं येतात, गाड्यांचे नंबर येतात, दोरीवर वाळत घातलेले कपडे येतात. कायद्यानं ते साठवून ठेवता येत नाहीत. म्हणून फोटो काढल्याबरोबर कॅमेऱ्यातच साफ होतो आणि मूळ फोटो कुठंच राहत नाही. आधी सफाई, मग मोजणी. आता हे सफाईचं मशीन कशावर शिकलं होतं? जगातल्या इमारतींच्या लाखो चांगल्या फोटोंवर. चांगल्या फोटोत भिंती सरळच असतात, कारण शैलजासारख्या लोकांनी त्या सरळ केलेल्या असतात. त्यामुळं तिरकी भिंत दिसली की मशीन समजायचं, कॅमेरा तिरका होता. आणि ती भिंत सरळ करायचं. प्रत्येक इमारत वेगळी घेऊन सरळ करायचं, त्यामुळं शेजारच्या इमारतीवरूनही काही कळायचं नाही. कॅमेऱ्यात तोल मोजणारा एक भाग असतो, तो खरं काय ते सांगतो. कंपनी त्याचाच दाखला द्यायची. पण अरुंद बोळात मशीन त्या भागापेक्षा आपल्या सवयीलाच जास्त मानायचं.

शैलजाला हे फोटो काढायचं काम मिळालं आणि पहिल्याच महिन्यात हे तिच्या लक्षात आलं. तिनं कंपनीला सांगितलं. कंपनीनं तिला आभाराचा मेसेज पाठवला.

मग तिनं वडिलांचा ओळंबा काढला. रविवारी दुकान बंद असायचं, तेव्हा मी तिच्याबरोबर जायचो. एका लांब काठीला ओळंब्याची दोरी बांधून मी भिंतीसमोर धरायचो. भिंतीवर ऊन असेल तेव्हाच ती फोटो घ्यायची. मशीन दोरीला वायर समजून पुसायचं आणि मला माणूस समजून पुसायचं. त्यामुळं मी तिच्या शेकडो फोटोंच्या वेळी समोर उभा होतो आणि एकाही फोटोत नाही. पण दोरीची भिंतीवर पडलेली सावली मशीनला कळायची नाही. सावली बारीक, रेघेसारखी, ती राहायची. ओळंबा नेहमी सरळ खालीच जातो, म्हणून त्याची सावलीही भिंतीवर सरळ खालीच पडते. भिंत कललेली असेल आणि मशीननं ती सरळ केली, तर तिच्याबरोबर सावली फिरते आणि तिरकी होते. भिंत जेवढी कललेली, तेवढीच सावली तिरकी. मशीनला नाही, पण बघणाऱ्या माणसाला कळेल.

आणि बघणारं माणूस घरचंच होतं. सानिका त्याच कंपनीत तपासनीस होती. साफ झालेले फोटो मोजणीला जाण्याआधी तिच्या डोळ्यांखालून जायचे. आमचा भाग तिच्या एकटीकडं होता. मायलेकींचं ठरलं होतं. सावली सरळ असेल तर काही नाही. तिरकी असेल तर सानिका खूण करणार, इमारत पिवळी होणार, इंजिनिअर जाणार.

शैलजाची आणखी एक पद्धत होती. ज्या घराचा फोटो काढला त्या घराला ती एक प्रत फ्रेम करून द्यायची. कंपनी सांगत नव्हती, पैसे मिळत नव्हते. ती म्हणायची, आपण त्यांच्या घराकडं टक लावून बघितलं, त्यांना काहीतरी द्यायला नको का? लोक तो फोटो बाहेरच्या खोलीत लावायचे, लग्नाच्या फोटोशेजारी. कॅमेऱ्यातून साफ होऊन निघालेला, सानिकाकडं जाण्याआधीचा फोटो असल्यामुळं घर छान दिसायचं. सावलीबद्दल कोणी विचारत नसे.

माळवदेंच्या भिंतीसमोर मी काठी धरून उभा होतो तेव्हा ती कॅमेऱ्यातून बघून म्हणाली होती, "जरा जास्तच आहे हो." दिवाळीच्या आधीची गोष्ट. फोटो द्यायला ती संक्रांतीनंतर गेली, कारण फ्रेमवाला आजारी होता.

सगळं होईपर्यंत सानिका माझ्याजवळ राहिली. तिनं माझं खाणंपिणं बघितलं, आईच्या साड्या आवरल्या, दुकानाच्या सप्लायरशी बोलणी केली. मी तिला म्हणालो, तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, रडू आवरते आहे.

सानिका परत गेल्यावर काही आठवड्यांनी गजानन माळवदे दुकानात आले. आधी भरल्या अंगाचा माणूस होता, आता शर्ट खांद्यावरून लोंबत होता. त्यांची आई बोळाच्या बाजूच्या खोलीत देवपूजेला बसली होती, तीही गेली.

"उत्तमराव, वहिनींनी आमच्या घराचा फोटो काढला होता. घर तर नाही राहिलं. फोटो असला तर बघता का?"

"बघतो," मी म्हणालो. कपाटामागं आहे हे सांगितलं नाही.

त्यांनी स्टूल ओढून घेतलं. "कंपनी म्हणते, बिल्डिंग हिरवी होती. भिंत सरळ होती, फोटो आहे म्हणते. मग पडली कशी, तर म्हणे मी न्हाणीघरासाठी आतली भिंत काढली. केस माझ्यावर आहे. माझ्याच आईला मी मारलं म्हणतात. धाकटा भाऊसुद्धा बोलत नाही."

"भिंत काढली होती?"

"पार्टिशन हो. प्लायवूडचं. पण आता ढिगाऱ्यात कोण बघतंय काय प्लायवूड आणि काय वीट." त्यांनी शर्ट खांद्यावर वर ओढला. "वहिनी फोटो काढताना म्हणाल्या होत्या, थोडी कललेली दिसते, इंजिनिअर येईल. आम्ही वाट बघितली. कोणी आलं नाही. मग मोबाईलवर हिरवं आलं. आम्हाला वाटलं, लांबूनच तपासलं असेल. आता सगळं लांबूनच होतंय."

"इंजिनिअर आलाच नाही?"

"चहा पाजला असता की त्याला. तुमच्याच दुकानाचा."

ते गेल्यावर मी दुकान लवकर बंद केलं.

घरी फ्रेम बाहेर काढली. काचेचे बारीक तुकडे कडेला अडकले होते, ते काढले आणि फोटो खिडकीशी नेला. भिंत एकदम सरळ. उजव्या कडेला सावलीची रेघ, वरून खाली येताना डावीकडं गेलेली. चांगली तिरकी. शेंबड्या पोरालाही दिसली असती. भिंतीवर रंगाचा एक पोपडा गेला होता, त्याचा आकार चहाच्या किटलीसारखा होता. दांडी, तोटी, सगळं. मला ते आवडलं होतं, फोटो काढताना मी शैलजाला दाखवलंही होतं.

मग मोबाईलवर नगरदर्पण उघडलं. पडलेल्या इमारतींचे जुने फोटो तिथं राहतात. तोच फोटो, तीच वेळ, तेच ऊन. पण सावली नव्हती. मी मोठा करून बघितला. जिथं सावली असायला पाहिजे होती तिथं कोरी भिंत होती. आणि त्या कोऱ्या भिंतीवर दुसरी किटली होती. दांडी, तोटी, सगळं. पहिल्या किटलीच्या जरा वर.

मशीन असं करत नाही. मशीननं पुसलं की तिथं नवी भिंत ते स्वतः बनवतं, प्रत्येक वेळी वेगळी. शेजारचा तुकडा उचलून माणूस लावतो. आणि आमच्या भागातल्या फोटोंना हात लावणारं माणूस एकच होतं.

सानूचे जुळे. तिची आई असती तर हसली असती.

रविवारी सानिका आली. येताना भडंग आणलं होतं. मी चहा केला आणि टेबलावर फोटो आणि मोबाईल शेजारी शेजारी ठेवले. तिनं बसायच्या आधीच बघितलं. मग बसली.

"हा कुठं मिळाला?"

"तुझ्या आईच्या हातात होता."

ती किटलीवर बोट ठेवून बसली. फोटोतल्या, मोबाईलमधल्या नाही.

"पप्पा, मी बघितली नाही असं म्हणू शकते. रोज सातशे फोटो येतात. कोणालाही पटेल." तिचा आवाज अगदी साधा होता. "पण मी बघितली होती."

"मग खूण का नाही केलीस?"

"आधी केल्या होत्या ना. चौदा-पंधरा केल्या. इंजिनिअर गेले, म्हणाले थोडं कललंय, लगेच धोका नाही. प्रत्येक खुणेमागं कंपनीला खर्च येतो. ऑफिसमध्ये चेष्टा सुरू झाली. आईची दोरी आली का, म्हणायचे. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम, आपण फोटो तपासतो का पंचांग बघतो? वर त्या सावल्या नंतरच्या तपासणीत सिस्टीमला चूक म्हणून दिसतात. वस्तू नाही आणि सावली आहे, म्हणजे फोटो परत येतो. माझ्याच नावावर जास्त फोटो परत यायचे. टीमलीडरची जागा होती. मग मी पुसायला लागले."

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"ती दर रविवारी उन्हात उभी राहायची. मी काठी धरायचो."

"माहितीये."

"त्या दिवशी तिनं तुला विचारलं, इंजिनिअर आला होता का."

तिनं किटलीवरचं बोट काढून घेतलं.

"सानू, मी इथंच बसलो होतो. याच खुर्चीवर."

"मला फोन ठेवायचा होता पप्पा. मीटिंग होती. मला वाटलं नव्हतं ती त्याच दिवशी..." तिनं भडंगाची पिशवी बाजूला सारली. "बिल्डिंग पडणार असं मला कधीच वाटलं नाही. नगरदर्पण आल्यापासून कुठलीच पडली नव्हती ना."

मला ओरडता आलं असतं. मी चहा प्यायलो. निवला होता. तिची आई त्या बोळात गेली कारण तपासून झालंय असं तिला मुलीनं सांगितलं होतं. ती काही बेसावध बाई नव्हती. सावली तिरकी दिसली होती तेव्हापासून ती त्या बोळातून जात नव्हती, बाजारात जाताना वळसा घालून जायची. मुलीच्या शब्दावर गेली.

"बाकीच्या घरांचं काय?" मी विचारलं. "ज्यांच्या सावल्या पुसल्यास?"

"मला आठवतात त्यांना खूण करते. आठवड्यात करते. जुन्या फोटोत काहीतरी दिसलं म्हणून सांगते. कोणाला काही कळायची गरज नाही." मग तिनं फोटोकडं बघितलं. "हा मला द्या पप्पा."

"कशाला?"

"तुम्हाला माहितीये कशाला. दुसरीकडं कुठंच नाही तो. आमच्या सिस्टीममध्ये पुसल्याच्या आधीचा राहत नाही."

"आणि माळवदे?"

"त्यांचा वकील बघेल. केस उभीच राहणार नाही कदाचित. पण हे बाहेर आलं तर मी आत जाईन. तुम्हाला चालेल?"

"आधी घरांचं कर," मी म्हणालो. "फोटो राहू दे माझ्याजवळ."

जाताना ती दारात वाकून माझ्या पाया पडली. असं ती कधी करत नव्हती.

आठवडाभर मी मोबाईल बघत होतो. तांबट आळीतली दोन घरं पिवळी झाली. मग काही नाही. पाण्याच्या टाकीजवळचं मोमीनांचं घर हिरवंच होतं. ते मला चांगलं आठवत होतं, कारण तिथं वारा होता आणि ओळंबा स्थिर राहीना, शैलजा माझ्यावर चिडली होती. मी वाट बघून शेवटी ओळंबा पिशवीत टाकला आणि गेलो.

इस्माईल मोमीन शिलाई मशीनवर बसले होते. शकीलाभाभी आतून आल्या. दोघांनी शैलजाबद्दल विचारलं, मी सांगितलं. भिंतीवर तिनं दिलेला फोटो होता, त्याला प्लॅस्टिकची फुलं लावली होती. फुलं बाजूला करून बघितलं. रेघ तिरकी होती.

"भाई, घर कलतंय. रिकामं करा."

इस्माईलभाईंनी आधी मोबाईल काढला. "हिरवं है की ओ. हे बघा."

"माळवदेंचंही हिरवं होतं."

"त्यांनी भिंत काढली होती म्हणतात."

"काढली नव्हती."

शकीलाभाभी नवऱ्याला म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते, मागचं दार लागत नाही? मला म्हणतात, तूच जाड झालीस."

"आता ते इथं कशाला सांगतेस?"

आम्ही गच्चीवर गेलो. बोळाच्या बाजूला कठड्यावरून मी ओळंबा सोडला. इस्माईलभाईंनी वर दोरी भिंतीला टेकवून धरली आणि मी खाली उतरलो. खाली गोळा आणि भिंत यांच्यामध्ये माझी पसरलेली वीत बसली आणि वर थोडी जागा उरली. मी त्यांना खाली बोलावलं. त्यांनी काहीच न बोलता स्वतःची वीत लावून बघितली. मग बायकोला हाक मारली, "शकीला, तुझ्या भावाला फोन लाव. गाद्या न्यायला टेम्पो पाहिजे म्हणावं."

"आणि मशीन?"

"मशीन आधी."

संध्याकाळी सानिकाला फोन केला. मोमीनांचं घर अजून हिरवं का, विचारलं.

"एकदम सगळ्या खुणा केल्या तर विचारतील ना, आधी का नाही केल्या. म्हणून हळूहळू करायच्या ठरल्या."

"ठरल्या? कोणी ठरवलं?"

तिनं फोन ठेवला.

दोन दिवसांनी एक माणूस दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, पायात चांगले बूट. कंपनीकडून आलो म्हणाला. पाव किलो पावडर घेतली, वास घेऊन छान म्हणाला. मग म्हणाला, "काका, मॅडमच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं आमच्या मनात आहे. नाट्यगृहाच्या हॉलमध्ये. त्यांच्या नावानं एक पुरस्कारही ठेवू. त्यांचा शेवटचा फोटो तुमच्याकडं आहे ना? तो, काच फुटलेला. तो द्या, आम्ही नीट फ्रेम करून घेतो."

काच फुटल्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. ती फ्रेम माझ्या घरात दोघांनीच बघितली होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"सानिका मॅडमनी. त्यांचीच कल्पना आहे प्रदर्शनाची. आईवर फार जीव हो त्यांचा."

"पावडरचे पैसे द्या," मी म्हणालो. "फोटो नाही माझ्याकडं."

तो हसला, पैसे दिले आणि गेला. मला पहिल्यांदा तेव्हा राग आला, नीट, अंगभर. सावली पुसली, ती नोकरीपायी पुसली, हे मी स्वतःला कसंतरी सांगत होतो. फोनवर खोटं बोलली, ते घाईत बोलली. पण हे तिनं बसून ठरवलं होतं. आईच्या नावानं हॉल घ्यायचा आणि त्यात तिचं एकच खरं काम झाकायचं.

मी तो फोटो फ्रेमवाल्याकडं नेला. तो म्हणाला, दुमडलेला कोपरा कापून टाकू का? मी म्हणालो, काहीच कापू नको, नुसती काच बसव.

मोमीनांचं बघून आता पाण्याच्या टाकीजवळचे लोक दुकानात येतात. आमच्याकडं पण दोरी सोडून बघा म्हणतात. मी रविवारी जातो. काठी धरायला नेमिनाथ येतो. ज्यांच्या घरात शैलजानं दिलेला फोटो आहे त्यांना आधी तो भिंतीवरून काढायला सांगतो, रेघ बघायला शिकवतो. काही ऐकतात. काही मोबाईल दाखवतात. मोमीनांच्या घराला परवा महापालिकेचा इंजिनिअर स्वतः येऊन लाल चिठ्ठी लावून गेला, तरी मोबाईलवर ते अजून हिरवंच आहे.

काल सानिकाचा फोन आला. साहेबांनी तिला रजेवर पाठवलं आहे. का ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"फोटो दिला का तुम्ही माळवदेंना?"

"नाही."

"देणार?"

"तुझ्या आईनं त्यांच्यासाठी बांधला होता तो."

"मी तुमची मुलगी आहे, पप्पा."

"हो," मी म्हणालो. "म्हणूनच तिनं तुला विचारलं होतं."

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. दोघंही ऐकत राहिलो, मग रेंज गेली.

माळवदे आता स्टँडमागं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. पत्ता मी घेतला आहे. नवी काच बसली आहे. आज सकाळी मी फोटो वर्तमानपत्रात बांधला, चिकटपट्टी लावली आणि दाराशी टेकवून ठेवला. शैलजानं काढलेल्या सगळ्या घरांचे फोटो ज्याच्या त्याच्या घरी पोचले आहेत. माळवदेंचा तेवढा द्यायचा राहिला आहे.